बांधीतले मिस्टर

२७ जुलै, रविवार

गुंजे, ही वही तूच मला देऊन गेलीस, हे आठवते तरी का? विचारलेले बरे. पक्ष्यांचा अभ्यास करायला ऑस्ट्रेलियाला गेलीस आणि दुर्बीण इथे खुंटीवर टांगून गेलीस. न्हावी वस्तरा विसरून आला तर लोक त्याला आल्या पावली परत पाठवतात. तुला विमानात बसवले.

तर आठवण करून देते. जाताना तू म्हणालीस, "आजी, एका सेमिस्टरचं काम आहे. समुद्राच्या काठावर माझं विद्यापीठ, तिथले सारस मी पाहीन. आपल्या बांधीत सारसाची जोडी आली त तू पाहाजो, आणि काय पाहिलं ते लिहवून ठेवजो. दोन्हीकडचं जुळवून मले सगळ्यांसमोर सांगा लागते."

म्हणजे जिला अक्षर येत नाही तिचे नाव सत्तरी उलटल्यावर कॉलेजात दाखल झाले. आणि जो पक्षी आपल्या कामठ्यात धानाच्या बांधीत फुकट उभा राहतो, तो पाहायला तू समुद्र ओलांडून गेलीस. समुद्र मी पाहिला नाही. तू म्हणालीस, नवेगावच्या तलावाला पलीकडचा काठच नाही असे समज. पलीकडचा काठ नाही, तर तिकडच्या बाया कपडे कुठे धुतात?

लिहून राहिली आहे तुझी आई. भूमेश्वरी दहावी पास आहे. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. मी म्हटले, जसे निघते तसे लिही. ती म्हणते, वही कॉलेजात जाणार आहे, चांगली दिसली पाहिजे. पण तू तिला शपथ घालून गेलीस की आजी सांगेल त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. म्हणून अक्षर तिचे, शब्द माझे. रविवारी पक्ष्यांच्या तेवढ्या ओळींचा फोटो तुला येईल. बाकीची वही खासगी आहे. नोव्हेंबरात घरी आलीस की वाच.

२९ जुलै, मंगळवार

शेजारची रामबाई आली होती. चहा प्यायली, पंख्याखाली बसली, मग मुद्द्यावर आली.

"काय वो देवकाबाई, गुंजन ऑस्ट्रेलियाले मिस्टर कराले गेली म्हणते?"

"सेमिस्टर वो. सेमिस्टर."

"मंग मी काय म्हणून राहिली? किती दिवसांचा?"

"चार महिन्यांचा."

रामबाईने बशी खाली ठेवली. "चारच महिन्यांचा मिस्टर? मंग वापस द्या लागते का?"

मी म्हटले, "हो. चांगला निघाला तरी वापस द्या लागते. तिकडचा कायदाच तसा आहे."

ती उठून गेली ती सरळ पिठाच्या चक्कीवर. म्हणजे उद्यापर्यंत सगळ्या गावाला कळेल.

(आई, असे कायले सांगायचे, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, हेही लिही. – भू.)

६ ऑगस्ट, बुधवार

आले! बोडीच्या तळ्याखालच्या बांधीत, लव्हाळ्याच्या कोपऱ्यात, सारसाच्या जोडीने पाण्यात गवताचा ढीग रचला आहे. यादोराव सांगायला आला. हा गावोगाव सारसाची घरटी राखत फिरतो, त्यालाच सगळे माहीत असते. दोन अंडी आहेत म्हणाला. उबायला महिना आणि वर दोन-चार दिवस लागतात. घरट्याच्या पन्नास पावले आत कोणी जायचे नाही. गेले तर पक्षी अंडी सोडून जातात.

तुझ्या बापाला, धनेंद्राला, तेवढ्या कोपऱ्यात निंदण करायचे नाही, औषध मारायचे नाही. तो म्हणाला, "त्या कोपऱ्यातलं धान गेलं समजा." मी म्हटले, "तुझी पोरगी तेवढ्यासाठी समुद्राकाठी बसली आहे. कोपरा गेला तर जाऊ दे."

माझी बाज पळसाखालच्या धुऱ्यावर, उंच बांधावर, टाकली आहे. तिथून पन्नास पावलांपेक्षा जास्तच भरेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार

धनेंद्र सकाळी सांगून गेला, "माय, बाया निंदाले येतात, त्यांना समजलं पायजे म्हणून घरट्याच्या अलीकडं बांबू रोवला. खताच्या पोत्याची पांढरी चुंगडी बांधली, वरतं लाल दुपट्टा."

मी दिवसभर धुऱ्यावर होते. बांबू नाही, चुंगडी नाही, काही नाही. अगदी बापावर गेला आहे. तुझा आजा शिवलालही न केलेली कामे अशीच सांगत असे.

पक्षी मात्र छान दिसले. बाई अंड्यांवर बसली आहे. तिच्या अलीकडे तिचा नवरा उभा आहे. उंच, उजळ अंगाचा, डोके लालभडक. रामबाईच्या मानासाठी मी त्याचे नाव 'मिस्टर' ठेवले.

१० ऑगस्ट, रविवार

पक्ष्यांची ओळ: बाई बसलेली. मिस्टर उभे. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हलले नाहीत.

गुंजे, असा नवरा मी पाहिला नाही. खात नाही, पीत नाही, पान खायला चौकात जात नाही. वारा आला तेवढे अंग फुलवतात, पुन्हा उभे. तुझ्या बापाच्या वेळी मी बाळंत झाले तेव्हा शिवलाल बैल पाहायला आमगावच्या बाजारात गेले होते. बैलही आणला नाही.

तुझी दुर्बीण लावून पाहिली. ती नासली आहे, आत धुके भरले आहे. फोनही नासला आहे. आज तू दिसलीस ती भिजवलेल्या कणकेसारखी दिसलीस. समुद्राची वाफ धरत असेल. मी विचारले, "जेवतेस ना?" तू म्हणालीस, "हो आजी, मस्त." आवाजावरून तरी धष्टपुष्ट वाटलीस.

१३ ऑगस्ट, बुधवार

हे कसे लिहवावे कळत नाही. भूमेश्वरी, दार लोटून घे.

आज तिसरा आला.

पक्ष्यांची ओळ: सकाळी बाई बसलेली, मिस्टर उभे. उन्हे चढल्यावर एक परका सारस उडत आला. बाई उठली. दोघांनी मिस्टरांच्या देखत मान वर करून जोडीने गळा काढला. मग बाई चरायला गेली आणि परका अंड्यांवर बसला! मिस्टर पाहत राहिले. एक पाऊल पुढे टाकले नाही.

कामठ्यात असे कधी झाले नाही. झाले असेल, पण दिवसा नाही.

(आईंची थट्टा ऐकून मला हसू येत होते. त्या रागावल्या. – भू.)

१७ ऑगस्ट, रविवार

पक्ष्यांची ओळ: परका रोज येतो. बाई आणि तो पाळीपाळीने बसतात. मिस्टर जागचे हलत नाहीत.

आधी मला मिस्टरांची कीव आली. मग राग आला. आता वाटते, तो मोठ्या मनाचा आहे. अंडी कोणाची का असेनात, राखण आपली.

धनेंद्राला म्हटले, "तुझा बांबू कुठे आहे रे?" तो म्हणाला, "तुझ्या नाकासमोर हाय." मी म्हटले, "माझ्या नाकासमोर मिस्टर आहेत." तो आणि भूमेश्वरी दोघेही खो-खो हसले. मी हसण्यासारखे बोलले नव्हते, पण घरात हसू झाले म्हणून मीही हसले.

मग त्याचे जुने तुणतुणे सुरू झाले. "माय, गोंदियाले चाल, डोळे दाखवू." सकाळी मी चहात मीठ घातले, तेवढे त्याला निमित्त. मिठाचा आणि साखरेचा डबा सारखाच आहे, त्यात डोळ्यांचे काय? तुझा आजा गोंदियाच्या दवाखान्यात आपल्या पायांनी चालत गेला होता आणि गाडीत आडवा परत आला. मी कामठ्यातच बरी.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

बैल दोनच उरले, पण शिंगे रंगवली. वडे केले. सुईत दोरा भूमेश्वरीने ओवून दिला. आजकाल सुयांची भोकेही लहान काढतात.

तुझा फोन आला. तू ओरडून राहिली होतीस. "आजी, माझी शिकवणारी मॅडम वेड्यासारखी खूश झाली! नर अंड्यावर बसतच नाही, नुसता पहारा देते, आणि तिसरा पक्षी बसते, असं इकडं कोणी पाहिलंच नाही! तीन सप्टेंबरले मले हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोलाले लावलं. मोठेमोठे लोक येणार हायेत. तुझं नाव पडद्यावर दिसन, आजी. देवकाबाई, कामठा."

मी म्हटले, "पडद्यावर नाव आले तर मला वाचता थोडेच येणार आहे."

पण फोन ठेवल्यावर भूमेश्वरीकडून माझे नाव वहीत मोठे लिहवून घेतले आणि त्यावरून बोट फिरवून पाहिले. हे लिहू नको.

(लिहून झाले होते. – भू.)

२३ ऑगस्ट, शनिवार

नारबोदचा दिवस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई शिवेबाहेर हाकलायचा. पहाटे पळसाच्या फांद्या घेऊन सगळे शिवेपर्यंत गेलो. लोक ओरडत होते, "खोकला, खरूज घेऊन जा गे नारबोद!" रामबाई तिच्या सुनेकडे पाहून ओरडली. मी ओरडले, "फोनातला धूर घेऊन जा गे नारबोद!" गुंजन तीन तारखेला बोलायला उभी राहील तेव्हा तिचे तोंड नीट दिसले पाहिजे.

२७ ऑगस्ट, बुधवार

पक्ष्यांची ओळ: पाऊस. बाई बसलेली. मिस्टर भिजून चिकटल्यासारखे झाले आहेत, तरी उभे.

बाकी गणपती बसले.

३० ऑगस्ट, शनिवार

दुपारी वादळ आले. बाज उलटली. मी पळसाच्या बुंध्याला धरून उभी होते. वारा थांबला आणि पाहते तर मिस्टर नाहीत.

नीट पाहिले. ते चिखलात आडवे पडले होते, आणि एक पंख फडफडत होता.

पन्नास पावले मला ठाऊक होती. पण बावीस दिवस जो उभा राहिला त्याला पडल्यावर टाकून द्यायचे का? मी उतरले. पाणी मांडीपर्यंत आले. मी ओरडत होते, "मिस्टर, दम धरा बाप्पा, मी आली." अंड्यावरची बाई उठली आणि तिने असा कर्णा वाजवला की बांधीतले बगळे उडाले. मी खाली बसले, दोन्ही हातांनी मिस्टरांना कवळ्यात घेतले.

भूमेश्वरी, आज इथेच थांब.

३१ ऑगस्ट, रविवार

आज सांगते. हलके लागले तेव्हाच कळायला पाहिजे होते. हाताला बांबू आला. मग चुंगडी. नाकाजवळ नेली तर खताचा वास आला आणि वर धनेंद्राचा लाल दुपट्टा. त्याच्या लग्नातला. मी मागे वळून पाहिले, कोणी पाहिले तर नाही. रामबाई धुऱ्यावर उभी होती.

"काय करून राहिली वो देवकाबाई, चुंगडीले कवळ्यात घेऊन?"

मी चिखल झटकत तिच्या बाजूने घरी निघाले.

घरी आल्यावर भूमेश्वरीला विचारले, "तुला माहीत होते?"

ती म्हणाली, "काय माहीत होतं?"

"मिस्टर म्हणजे चुंगडी आहे ते."

"आई, तुम्हीच त तिचं नाव मिस्टर ठेवलं! मले वाटलं, तुमची थट्टा सुरू हाय. मी रोज हसून राहिली होती. परका म्हणजे खरा नर, हेही मले समजत होतं."

"आणि गुंजनला?"

तेव्हा तिने वही उघडून मागची पाने पाहिली. गुंजनला फक्त पक्ष्यांच्या ओळी जात होत्या. चुंगडीची गोष्ट खासगी पानांवर राहिली. शपथ पाळली, एक शब्द बदलला नाही, आणि पोरीला बुडवले.

जन्मभर मी लोकांना फिरवले. खरे बोलायची वेळ आली तर लोकांना ती थट्टाच वाटली.

तुला फोन लावला. मी सगळे सांगितले. मग तू म्हणालीस, "आजी, मॅडमनं सगळ्या विद्यापीठाले सांगून ठेवलं. बुधवारी बोलणं हाय. मी आता काय सांगू? माझी आजी चुंगडीले सारस समजली?"

"नाही," मी म्हटले. "सांग, माझ्या आजीला दिसत नाही."

हे वाक्य मी कोणाला सांगितले नव्हते. धनेंद्रालाही नाही. मलाही नाही.

तू विचारलेस, "कधीपासून?"

"संक्रांतीपासून. तू जाताना बसस्टँडवर ज्या पोरीला हात करत होते ती तू नव्हतीस, ते मागाहून कळले."

तू रडून राहिली होतीस की हसून, ते फोनात ओळखू आले नाही. मग तू म्हणालीस, "चाल, सौदा. बुधवारी मी त्या हॉलमध्ये चढतो आणि खरं सांगतो. तू गोंदियाले ऑपरेशनच्या टेबलावर चढ."

मी म्हटले, "तू आधी चढ, मग पाहू."

"आजी!"

"बरं."

३ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर जेवले नाही. देवापुढे नारळ ठेवला, पण फोडला नाही. आधी कळू दे काय होते ते.

चार वाजता फोन आला. तू म्हणालीस, आधी खरे काय ते सांगून टाकले. मग पडद्यावर तू चुंगडीचा फोटो दाखवलास, भूमेश्वरीने काल पाठवलेला.  मग मॅडमच पहिली हसली आणि सगळे हसले. मी विचारले, "कोणाला हसले? तुला की मला?" तू म्हणालीस, "चुंगडीले."

मग मॅडमने विचारले, ती घरट्यापासून किती लांब होती? बारा पावले; धनेंद्र घाईत फार आत गेला होता. किती दिवस उभी होती? बावीस. आणि पक्षी घाबरून गेले नाहीत? नाही. तर मग हीही एक नोंदच झाली, असे ती म्हणाली. वहीतले एक अक्षरही खोडायचे नाही. चूक तशीच ठेवायची आणि जे खरे होते ते खाली लिहायचे. तिकडे शिकलेले लोक असेच करतात म्हणे.

मग लिही भूमेश्वरी: मिस्टर म्हणजे चुंगडी. परका म्हणजे खरा नवरा. त्याच्याबद्दल मी जे बोलले त्याची माफी. पाहणारी: देवकाबाई. दिसत नव्हते.

तू पास झालीस का, ते मी मुद्दामच शेवटी विचारले. झालीस. नारळ फोडला.

८ सप्टेंबर, सोमवार

यादोराव येऊन सांगून गेला, दोन्ही अंडी फुटली, दोन पिल्ले आहेत. भूमेश्वरीने पेन उचलला. मी म्हटले, ठेव. मी पाहिले नाही. आता जे मी पाहीन तेच या वहीत जाईल.

ऑपरेशन परवा आहे. रामबाई सोबत येते म्हणाली. म्हणते, "तिथं कोण्या खांबाले कवळ्यात घेतलं त?" हा महिनाभर थट्टेचा मान तिचा आहे. मीच दिला आहे.

काल रात्री दवाखान्याची पिशवी दोनदा भरली, दोनदा रिकामी केली. शिवलाल दवाखान्यात जाताना पायरीवरून वळून म्हणाले होते, सायंकाळी भाजीला वांगी कर. मी कोणाला भाजी सांगून जाणार नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

परत आले. बसून आले. पट्टी उघडली तेव्हा पहिल्यांदा धनेंद्र दिसला. मी म्हटले, "तुझे केस कधी पांढरे झाले रे?" त्याने तोंड फिरवले. भूमेश्वरीच्या कपाळावर एक जुना डाग आहे, तो मला माहीत नव्हता. चुलीचा असेल. माझ्याच घरातल्या चुलीचा. विचारले नाही.

पंधरा दिवस शेतात जायचे नाही, चुलीपुढे बसायचे नाही, वाकायचे नाही. सुनेवर हुकूम चालवायला डॉक्टरने कागद लिहून दिल्यासारखेच झाले.

(तो कागद मी वाचला. असे काही लिहिलेले नाही. – भू.)

२८ सप्टेंबर, रविवार

आज धुऱ्यावर गेले. काळा चष्मा घालून. रामबाई म्हणाली, सिनेमातली दिसून राहिलीस.

पक्ष्यांची ओळ: नवरा एक. बायको एक. पिल्ले दोन, मातकट रंगाची, पाय काडीसारखे, आईच्या मागे एक आणि बापाच्या मागे एक. स्वतःच्या डोळ्याने मोजली. दुर्बीण नासलेली नव्हती.

धनेंद्राने चुंगडी पुन्हा उभी केली आहे. धान पिवळे पडेपर्यंत राहू दे म्हटले. सवय झाली आहे.

घरी येऊन तुला फोन लावला. गुंजे, नारबोदने फोनातला धूर नेला. तू दिसलीस. तुझ्या मागची खिडकी दिसली, त्यातला समुद्रही दिसला. खरेच पलीकडचा काठ नाही. आणि तुझे गाल दिसले. कुठे गेले ते? गळ्याची हाडे मोजता येतात. डोळ्यांखाली काळे आले आहे. टेबलावर नुसता ब्रेडचा पुडा. मी विचारले, "जेवतेस ना?" तू म्हणालीस, "हो आजी, मस्त."

बावीस दिवस मी चुंगडीला सारस म्हणत होते आणि दोन महिने तू ब्रेडला जेवण म्हणत होतीस. माझी चूक भर हॉलमध्ये कबूल झाली. तुझी आता बाहेर पडली. एका डोळ्याचेच ऑपरेशन झाले आहे, पण माझ्याशी खोटे बोलायला तुला आता तो एकच डोळा जड जाईल.

भूमेश्वरी, लिहिणे पुरे, आता ऐक. माळ्यावरच्या डब्यात कोहळ्याच्या वड्या आहेत, त्या उन्हात टाक. एकही बी राहिली नाही ना ते मीच पाहीन, तिकडचे लोक बियांना वाघाइतके भितात. गुळातले मुरमुऱ्याचे लाडू कर, पंचवीस. लसणाची सुकी चटणी घाल, तिखट कमी नको. डब्यावर काय आहे ते खरे खरे लिही. आणि सगळे टिनाच्या डब्यात पाठव, चुंगडीत नको.